स्वार्थ हा सद्गुण आहे का? आयन रँडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीत घरं बांधून देतो, सिव्हिल डिप्लोमा, बावीस वर्षं झाली. रविवारी संध्याकाळी मांडवीला आमची बैठक असते, त्यात एक रिटायर मास्तर, एक आंबा बागायतदार, एक बोटवाला, आणि सुट्टीला पुण्याहून आली की माझी पुतणी. आयन रँड तिनंच आणली आमच्यात. तीन वर्षं झाली, भांडण काही मिटत नाही, आणि नवीन माणूस येऊन बसला की तेच प्रश्न पहिल्यापासून. म्हणून एकदाच लिहून टाकतोय. उत्तरं माझी आहेत, बाकीच्यांना मान्य नाहीत हे आधीच सांगतो.

ही बाई कोण? आणि आयन की अ‍ॅन?

आयन. लाइन, फाइन म्हणतो तसं. मूळ नाव आलिसा रोझेनबाउम, जन्म १९०५, रशियातलं सेंट पीटर्सबर्ग. बापाचं औषधांचं दुकान होतं. क्रांती झाली आणि बोल्शेविकांनी ते जनतेच्या नावानं ताब्यात घेतलं, तेव्हा ही बारा-तेरा वर्षांची. ते बंद झालेलं दुकान डोक्यात ठेवा, पुढं तिनं जे काही लिहिलं ते सगळं त्या दुकानाच्या पायरीवर बसून लिहिलंय असं मला वाटतं. १९२६ ला अमेरिकेत गेली, हॉलिवूडमध्ये एक्स्ट्राची कामं केली, पटकथा लिहिल्या. १९४३ ला फाऊंटनहेड, जे आधी बारा प्रकाशकांनी परत पाठवलं होतं. १९५७ ला अ‍ॅटलास श्रग्ड. त्यानंतर कादंबरी नाही, नुसते लेख आणि भाषणं. १९८२ ला न्यूयॉर्कमध्ये वारली. दोन्ही जाडजूड कादंबऱ्या मुग्धा कर्णिकांनी मराठीत आणल्यात, त्यामुळं इंग्रजी जमत नाही हे कारण चालणार नाही.

तिचं म्हणणं दोन वाक्यांत सांगा, चहा थंड होतोय.

तुमचं आयुष्य तुमचं आहे, ते दुसऱ्यासाठी जगायचं नाही आणि दुसऱ्यानं तुमच्यासाठी जगावं अशी अपेक्षाही करायची नाही. स्वतःच्या डोक्यानं विचार करा, कामाचा मोबदला घ्या, फुकट मागू नका, आणि सरकारनं पोलीस, कोर्ट, सैन्य एवढंच बघावं.

याला ती ऑब्जेक्टिव्हिझम म्हणायची. पहिलं वाक्य ऐकलं की आमचे बागायतदार टाळी देतात, दुसऱ्यावर मास्तर चष्मा काढून पुसायला लागतात.

म्हणजे कुणाला मदत करायचीच नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथं तिच्यावर अन्याय होतो. १९६४ च्या तिच्या निबंधांच्या पुस्तकाचं नावच 'स्वार्थाचा सद्गुण' अशा अर्थाचं आहे, मग लोक आतलं कशाला वाचतील. आत तिनं सरळ लिहिलंय की बुडणाऱ्या अनोळखी माणसाला वाचवणं ठीक आहे, तुमच्या जिवाला मोठा धोका नसेल तर. बायकोच्या आजारपणावर नवऱ्यानं होतं नव्हतं ते घातलं तर तिच्या मते तो त्यागच नव्हे, कारण बायको त्याला पैशापेक्षा मोलाची आहे. तिचं भांडण आहे ते मदत हे कर्ज असल्यासारखं वसूल करण्याशी.

पण खरं सांगू का, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा आमच्या बोटवाल्यानं पिकअपवर होडी चढवली, दोन खलाशी घेतले आणि निघाला. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलेलं, करंट असा की इंजिन बंद पडलं असतं तर थेट खाडीत. धोका छोटा होता का? अजिबात नाही. मी त्याला मागाहून रँडचा तो मुद्दा समजावून सांगितला तर म्हणाला, धोका किती ते मोजायचं होतं तर घरीच बसलो असतो. आता यावर रँडचा भक्त म्हणेल, त्याला त्या लोकांना वाचवण्यात स्वतःलाच समाधान होतं म्हणजे तोही स्वार्थच. ठीक आहे, पण मग सगळंच स्वार्थ झालं आणि शब्दाला अर्थच राहिला नाही. शिवाय ही पळवाट रँडला स्वतःलाच मान्य नव्हती, मनाला आलं म्हणून केलं याला ती स्वार्थ म्हणायचीच नाही, त्याला विचारपूर्वक ठरवलेली मूल्यं लागतात. त्या दिवशी पहाटे कुणी काही ठरवत बसलं नव्हतं.

तुम्ही बांधकामातले, तुम्हाला फाऊंटनहेड आवडणारच ना?

आवडतं. त्याचा हीरो हॉवर्ड रोर्क आर्किटेक्ट आहे, कॉलेजातून काढून टाकलेला, काम मिळेना तेव्हा ग्रॅनाईटच्या खाणीत ड्रिल चालवतो पण कुणाच्या सांगण्यावरून बिल्डिंगला ग्रीक खांब चिकटवत नाही. त्याच्यासोबत शिकलेला पीटर कीटिंग मात्र लोकांना काय आवडेल ते बघून डिझाईन काढतो आणि वर चढत जातो. रँडनं हे लिहिण्याआधी न्यूयॉर्कच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बिनपगारी टायपिंग केलं होतं, काम कसं चालतं ते बघायला.

आता आमच्याकडचं बघा. रत्नागिरीत पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. आजोबांच्या पिढीनं जांभ्याची भिंत, उतरतं छप्पर, मंगलोरी कौलं, पुढं पडवी, पागोळ्या भिंतीपासून दोन हात लांब पडतील असा बेत ठेवलेला, कारण पावसानंच तसं शिकवलेलं. मग मुंबईहून पैसा आला आणि सगळ्यांना सपाट स्लॅब पाहिजे झाला, का तर शेजाऱ्याचा आहे. तिसऱ्या पावसाळ्यात स्लॅब पाझरतो, बेडरूमच्या छताला पोपडे, मग ब्रिकबॅटचं वॉटरप्रूफिंग, तेही दोन वर्षांत तडकतं, शेवटी स्लॅबच्या डोक्यावर लोखंडी ट्रस मारून निळा पत्रा. म्हणजे उतरतं छप्पर आलंच की परत, फक्त दुप्पट खर्चात आणि कुरूप होऊन. भरपावसात त्या पत्र्याखाली फोनवर बोलता येत नाही.

हे सगळं मी स्वतः केलंय. पहिली दहा वर्षं मी नंबर एकचा कीटिंग होतो, गिऱ्हाईक म्हणेल तो स्लॅब, गिऱ्हाईक म्हणेल ती एलिवेशनची टाईल. माझ्या स्वतःच्या घराचाही स्लॅबच आहे, जुलैत जिन्याखाली बादली असते, येऊन बघा. पुतणीनं पुस्तक हातात दिलं तेव्हा रोर्क एका गिऱ्हाईकासाठी समुद्राकाठच्या कड्यावर घर बांधतो ते प्रकरण मी रात्री दोन वेळा वाचलं. जागेचा दगड, जागेचा उतार, त्यातून घर उगवल्यासारखं. त्यानंतर एका पार्टीला मी पहिल्यांदा सांगितलं की कौलारू करणार असाल तरच मी करतो. पार्टी गेली. तिसरी आली ती थांबली.

मास्तरांचं यावर वेगळंच. रोर्क म्हणतो ना, मी गिऱ्हाईक मिळावं म्हणून बांधत नाही, बांधायला मिळावं म्हणून मला गिऱ्हाईक हवं, तर मास्तर म्हणतात हे निष्काम कर्म झालं, तुझ्या बाईनं गीताच चोरली. पुतणी चिडते. मला दोघंही अर्धे अर्धे बरोबर वाटतात, कारण रोर्कला फळ नको असं नाहीच, त्याला फळ म्हणून ती बिल्डिंगच पाहिजे आणि ती काढली तशीच पाहिजे.

मग त्यानं बिल्डिंग सुरुंगानं उडवली ते बरोबर का?

नाही. गरिबांसाठीची सरकारी वसाहत, डिझाईन यानं गुपचूप कीटिंगच्या नावावर करून दिलं, अट एकच, एक रेघ बदलायची नाही. बदलली. यानं डायनामाईट लावलं. रँडनं वॉचमनला आधी बाजूला पाठवायची सोय केलीय म्हणून कुणी मरत नाही, आणि ज्युरी त्याला निर्दोष सोडते. अहो, करार झाला तो कीटिंगशी, जमीन दुसऱ्याची, पैसा तिसऱ्याचा. आमच्याकडं असा हिशोब लावला तर अर्ध्या तालुक्यात सुरुंग लावावे लागतील मला.

अ‍ॅटलासमध्ये संप कुणाचा आहे?

इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

त्या कादंबरीचं नाव आधी 'द स्ट्राइक' असं होतं. जगातले हुशार लोक, कारखानदार, शोध लावणारे, एक संगीतकार, एक न्यायाधीश, एकेक करून गायब होतात आणि कोलोरॅडोच्या डोंगरात जाऊन राहतात, की बघूया आमच्याशिवाय तुमचं कसं चालतं. आणि जग खरंच बंद पडतं. रेल्वे थांबतात, दिवे जातात. वाचताना मजा येते, खोटं कशाला बोलू, ज्यानं ज्यानं ऑफिसात मरमर काम करून दुसऱ्याला शाबासकी मिळालेली बघितलीय त्याला ती मजा येणारच.

पण आम्ही कोकणातले लोक, आम्हाला असा संप माहीत आहे. अलिबागजवळ चरी गावचा, १९३३ ते १९३९, सहा वर्षं. शेतकऱ्यांनी खोतांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, जमीन कसायचं बंद केलं. नारायण नागू पाटील पुढारी होते, आंबेडकर पाठीशी होते. कष्ट आमचे, धान्य तुमच्या कोठारात, तर मग ठेवा जमीन ओसाड. लाकूडफाटा विकून, मासे धरून दिवस काढले माणसांनी. आंबेडकरांनी १९३७ ला खोती बंद करायचं बिल मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

आता सांगा, रँडच्या भाषेत इथं निर्माता कोण आणि लुटारू कोण? तिचाच नियम लावा, ज्यानं बनवलं त्याचं. पिकवणारा कोण होता ते खाचरात उभं राहिलं की दिसतं. तिचा प्रश्न बरोबर आहे, कमावतो कोण आणि खातो कोण, पण उत्तर शोधायला तिची नजर जाते ती मालकाच्या केबिनीत. तिथंही कधी कधी खरा माणूस सापडतो, नाही असं नाही. पण तिच्याच कादंबरीत एडी विलर्स आहे, आयुष्यभर रेल्वेत इमानानं राबलेला, त्याला कुणी डोंगरात बोलवत नाही, शेवटी तो वाळवंटात बंद पडलेल्या इंजिनापाशी एकटा राहतो. पुतणी म्हणते ती शोकांतिका मुद्दाम लिहिलीय. मला वाटतं त्याचं काय करायचं ते रँडलाच सुचलं नाही.

कोकण रेल्वे तिला आवडली असती का?

हा प्रश्न बोटवाल्याचा, आणि भारी आहे. कारण अ‍ॅटलास म्हणजे मुळात रेल्वेचीच कादंबरी, डॅग्नी टॅगर्ट नावाची बाई सगळ्यांचा विरोध असताना नवीन धातूचे रूळ टाकून लाईन पुरी करते. आमच्याकडं १९९० ला वेगळं कॉर्पोरेशन काढलं, श्रीधरन यांच्या हातात दिलं आणि रोह्यापासून खाली मंगळूरच्या दिशेनं साधारण ७४० किलोमीटरची लाईन, नव्वदच्या वर बोगदे, १९९८ च्या जानेवारीत पूर्ण. एका माणसाचा हट्ट आणि फायलींच्या जंजाळातून सुटका, हे तिला आवडलं असतं. बराच पैसा बाजारात बॉण्ड काढून उभा केला, डॅग्नीनंही लाईनसाठी बॉण्डच काढले होते.

पण भांडवल केंद्राचं आणि चार राज्यांचं, आणि जमीन कायद्यानं संपादित केलेली. आमच्या मामांचा दीड गुंठा आणि एक फणस गेला त्यात. मामा कोर्टात गेले नाहीत पण त्या फणसाचं नाव गाडीत बसल्यावर दर वेळी काढतात. रँडच्या नियमानं मामांची मर्जी लागली असती, आणि मामांसारखे हजारो. मग लाईन झाली असती का? बागायतदार म्हणतात योग्य भाव दिला असता तर झाली असती. ते मामांना ओळखत नाहीत.

सामाईक सातबाऱ्यावर ती काय म्हणाली असती?

इथं ती जिंकते, सपशेल. एका सातबाऱ्यावर सव्वीस नावं, त्यातली नऊ वारलेली, सात बोरिवलीत, एक मस्कतला. कलम कुणी खतवायचं? कुणीच नाही. मोहोर आला की मात्र गणपतीला न येणारेही फोन करतात. बारभाईची खेती, काय लागेल हाती, हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय. अ‍ॅटलासमध्ये मोटारीच्या एका कारखान्याची गोष्ट आहे, तिथं कामगार ठरवतात की प्रत्येकानं ताकदीप्रमाणं काम करायचं आणि गरजेप्रमाणं घ्यायचं, आणि मग सगळे आपली गरज किती मोठी ते मोठमोठ्यानं सांगायला लागतात. ते प्रकरण वाचताना मला आमच्या घरची वाटपाची मीटिंग आठवली.

तरी बागायतदारांना मी एकच विचारतो. तुमच्या पेटीला भाव मिळतो तो तुमच्या एकट्याच्या कष्टाचा का? हापूसला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही. परराज्यातला आंबा देवगड म्हणून पेटीत भरला की तुम्ही सरकारकडंच धावता. यावर ते विषय बदलतात.

आणि समुद्राचं?

समुद्रात ती अडकते. मासा कुणाच्या सातबाऱ्यावर नसतो. ती म्हणायची मालकी ठरवा म्हणजे भांडण मिटेल, रेडिओच्या लहरींबद्दलही तिनं तेच लिहिलंय. पण लहरीची फ्रिक्वेन्सी ठरलेल्या जागी राहते, बांगडा राहत नाही. एकट्याच्या हुशारीनं मोठं पर्ससीन जाळं (थव्याभोवती फिरवून खालून आवळायचं) टाकून अख्खा थवा उचलला तर त्याचा नफा, आणि खाली मालवणकडं रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा, दोर ओढणारे चाळीस जण हात हलवत घरी. रापणीत किनाऱ्यावर येऊन दोराला हात लावला की वाटा मिळतो. हे रँडच्या कुठल्याच खणात बसत नाही, हे दान नाही आणि धड पगारही नाही. जून-जुलैची बंदी आहे, पर्ससीनला २०१६ पासून राज्यात सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा, आणि हे सगळं सरकारी. आमचा बोटवाला रोज सरकारला शिव्या घालतो, पण बंदी उठवा म्हटलं तर पहिला विरोध त्याचाच. "सगळ्यांनी ओढल्यान तर मगे उरतला काय?"

ती स्वतः सरकारी पेन्शन घेत होती हे खरं का?

उतारवयात सोशल सिक्युरिटी घेतली, हो. पण तिनं १९६६ मध्येच लिहून ठेवलं होतं की ज्याच्याकडून कर जबरदस्तीनं घेतला त्यानं तो परत घेण्यात चूक नाही. हा काही फार मोठा टोला नाही, सोडून द्या.

आणि तो ग्रीनस्पॅन?

हा टोला मोठा आहे. तरुणपणी तिच्या घरच्या बैठकीतला माणूस, पुढं १९८७ ते २००६ अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा प्रमुख. बँका आपल्या स्वार्थासाठी तरी नीट वागतील हा त्याचा भरवसा, आणि २००८ च्या ऑक्टोबरमध्ये संसदेच्या समितीपुढं त्याला कबूल करावं लागलं की आपल्या समजुतीत खोट निघाली.

आपल्याकडं असं आधी कुणी बोललंच नाही का?

बोललेत की. भर्तृहरीच्या नीतिशतकात माणसांचे प्रकार आहेत, स्वार्थ सोडून परार्थ करणारे ते सत्पुरुष, स्वार्थाला धक्का न लावता परार्थ करणारे ते सामान्य, स्वार्थासाठी दुसऱ्याचं बिघडवणारे राक्षस, आणि उगाचच दुसऱ्याचं बिघडवणारे, त्यांना काय म्हणावं ते आम्हाला ठाऊक नाही असं कवी म्हणतो. (बांधाच्या केसेस बघितल्यात ना, तो चौथा प्रकार.) रँडनं काय केलं तर पहिल्या पायरीलाच खोटी ठरवली आणि दुसऱ्या पायरीवरच्या माणसाला देव केला.

आणि एकट्यानं उभं राहायचं म्हणाल तर र. धों. कर्वे बघा, दापोलीजवळच्या मुरूडचे. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून प्राध्यापकी गेली, १९२७ पासून १९५३ पर्यंत स्वतःच्या खिशातून मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले झाले. कुणाची परवानगी मागितली नाही. पण ते मासिक चालवलं ते दुसऱ्यांच्या भल्यासाठी. आता याला रोर्क म्हणायचं की रोर्कच्या उलटं, यावर आमची दोन रविवारं गेली.

बायकांनी वाचावं का?

वाचावंच. फाऊंटनहेडमध्ये रोर्क आणि डॉमिनिकचा एक जबरदस्तीचा प्रसंग आहे, पुतणीनं तिथं पुस्तक आपटलं होतं आणि बरोबर केलं. पण त्याग हा शब्द कोण कुणाला ऐकवतं ते बघायचं असेल तर आमच्या घरात या. आजोबा गेले तेव्हा आत्या एकोणीसची, शिक्षण सोडून घरी बसली, तीन भाऊ शिकले, त्यातले एक माझे वडील. आजीचं शेवटचं सगळं तिनं केलं. मग वाटपाच्या वेळी रजिस्ट्रार ऑफिसात नेऊन तिच्याकडून हक्कसोड करून घेतली. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच वाटा देणारा २००५ चा कायदा येऊन गेलेला तेव्हा. सगळे म्हणत, ती कसली मागतेय, देवमाणूस आहे. मी गाडी चालवत होतो त्या दिवशी, मीही काही बोललो नाही.

पुतणी तिला डॅग्नीची गोष्ट वाचून दाखवत होती. आत्यानं तांदूळ निवडता निवडता विचारलं, तिला स्वयंपाक येतो काय? पुतणी म्हणाली येतो, त्या डोंगरात ती महिनाभर संपाचा पुढारी जॉन गाल्ट याच्या घरी पगारी स्वयंपाकीण म्हणून राहिली होती.

आत्याचा हात थांबला. "पगारी?"

पहिलं कुठलं वाचू? आणि तुमची प्रत मिळेल का?

फाऊंटनहेड आधी. अ‍ॅटलास पावसाळ्यात, लाईट गेलेली असताना, कारण त्याला वेळ लागतो, शेवटी एकट्या गाल्टचं रेडिओवरचं भाषणच साठ-एक पानांचं आहे. प्रत मिळेल, फुकट नाही, बाईच्या तत्त्वाला धरून अर्धा डझन हापूस किंवा सीझन नसेल तर सुके बांगडे. आत्तापर्यंत आठ जणांनी नेली, आठही जण म्हणाले अख्खी वाचली. कडेनं बघितलं तर पानं चहानं, तेलानं, आंब्याच्या रसानं मळलेली आहेत, फक्त भाषणाची साठ पानं तेवढी पांढरी स्वच्छ आहेत.